साध्या पाण्यातल्या किती मेल्या?

गणपती नुकतेच पोचवून झाले होते. पाऊस अजून रेंगाळत होता. डोंबिवलीला माझ्या दादाच्या घरी गॅलरीत मुरंब्याच्या चार बरण्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. त्यांत मुरंबा मात्र नव्हता. डासांच्या अळ्या होत्या.

“सगळी इमारत डास मारतेय, आणि आमच्या घरी ते पाळले जाताहेत!” चहाचा कप माझ्या हातात देता देता वहिनीने तक्रार नोंदवली. तक्रार रास्त होती. पण भाची नववीत, प्रकल्प शाळेचा, आणि विषय ‘कडुनिंबाच्या रसाचा डासांच्या अळ्यांवर होणारा परिणाम’. एवढ्या भारदस्त नावापुढे कुठल्या आईचे काय चालणार?

मला बोलावणे आले होते ते शुद्धलेखनासाठी. मी कॉलेजात मराठी शिकवते. डासांशी माझा संबंध चावून घेण्यापुरता. मी वही उघडली. पहिल्या पानावर आभार, दुसऱ्यावर कडुनिंबाचे सुरेख चित्र, मग कडुनिंबाची थोरवी, आणि शेवटी लाल शाईत निष्कर्ष: कडुनिंबाच्या रसाने डासांच्या अळ्या मरतात. दोन बरण्यांत थोडा रस घातला होता, दोन बरण्यांत जास्त. तीन-चार दिवसांत बहुतेक अळ्या नाहीशा झाल्या होत्या. मी पाच-सहा ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक लांबलचक वाक्य तोडून त्याची दोन केली आणि भाचीच्या पाठीवर शाबासकी दिली. दादाने तर प्रकल्पाला पहिला नंबर देऊनही टाकला होता.

वही मी ठाण्याला घेऊन आले, ती केवळ कौतुकाने. आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ सहकारी नौपाड्यात राहतात. त्यांना ती दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, वही शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, “भाषा छान आहे, बाई. पण साध्या पाण्यातल्या किती मेल्या?”

मला प्रश्नच कळला नाही.

“अहो, एका बरणीत नुसतं पाणी आणि अळ्या ठेवल्या असत्या, तर त्यातल्या किती जगल्या असत्या? ते माहीत नसेल, तर इथे अळ्या कडुनिंबाने मेल्या की उपासमारीने, की चमच्याने उचलताना चेंगरून, ते कसं सांगणार?”

मी वही मिटली. बावीस वर्षे मी मुलांना ‘म्हणून’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांतला फरक शिकवते आहे. रस घातल्यानंतर अळ्या मेल्या, म्हणून रसाने मेल्या, हे वाक्य माझ्या डोळ्यांसमोरून गेले. आणि मी त्यातले फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासले!

घरच्यांना का दिसत नाही?

पुढल्या रविवारी दादा भाचीला घेऊन ठाण्याला आला. सरांनी तिला समोर बसवले आणि हळूहळू एकेक विचारायला सुरुवात केली. अळ्या कुठून आणल्या? काही कुंडीखालच्या ताटलीतून, काही गच्चीवरच्या पिंपातून. सगळ्या एकाच जातीच्या? माहीत नाही. एकाच वयाच्या? माहीत नाही. अळी मेली हे कशावरून ठरवलं? दिसेनाशी झाली म्हणून. बरणीला झाकण होतं? नाही.

सर मिस्किलपणे हसले. “मग त्यातल्या काही मेल्या नसतील, बाळ. डास होऊन उडून गेल्या असतील. आईला विचार, घरात डास वाढले होते का!”

दादाही हसला, पण भाचीचे डोळे भरून आले. दोन महिने तिने खपून काम केले होते. शाळेत बाईंनी छान म्हटले होते, घरी सगळ्यांनी छान म्हटले होते, आणि आत्याने तर शुद्धलेखनही तपासले होते. मग चुकले कोणाचे?

खरे सांगायचे तर चुकले आम्हा मोठ्यांचे. आम्हाला मूल आवडत होते, कडुनिंब आवडत होता आणि निष्कर्ष तर आधीपासून पाठच होता. छापखान्याशी संबंध आलेल्या कोणालाही विचारा: स्वतःच्या लेखाची मुद्रिते स्वतः तपासू नयेत. डोळा कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचतो. प्रकल्पाचेही तसेच आहे. बाहेरचा जाणकार घरच्यांहून हुशार असतो असे नाही. पण निष्कर्षावर त्याचा जीव जडलेला नसतो. आणि त्या विषयात कुठे पाय घसरतो, हे त्याला स्वतः घसरून ठाऊक झालेले असते.

“माहीत नाही” म्हणणारे मामा

अशा बाहेरच्या माणसाने एका मुलाचे काय होऊ शकते, याची सर्वांत मोठी गोष्ट आपल्या मुंबईतच घडली आहे. १९०८ साल. खेतवाडीत मामांच्या घरी वाढणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. हातात घेऊन बघतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मुलगा धावत मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी हे स्वतः शिकारी, पक्ष्यांचे जाणते आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद. पण ही चिमणी त्यांनाही ओळखता येईना.

इथे मामांनी जे केले, ते प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावे. त्यांनी काहीतरी ठोकून दिले नाही, की “अभ्यास सोडून हे काय!” असे म्हणून त्याला उडवूनही लावले नाही. आपल्याला माहीत नाही हे कबूल केले आणि सोसायटीचे मानद चिटणीस मिलर्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन मुलाला तिकडे धाडले.

मुलगा बिचकतच गेला. साहेबाशी समोरासमोर बोलायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली होती. मिलर्डसाहेबांनी ती चिमणी पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले. तेवढ्यावर थांबले असते, तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरून ठेवलेले नाना जातींचे पक्षी मुलाला दाखवले, वाचायला पुस्तके दिली आणि संग्रहालयाचे तरुण अभिरक्षक किनियर यांच्याशी त्याची गाठ घालून दिली. पक्ष्याचे कातडे कसे काढावे, कसे टिकवावे, कुठे आणि केव्हा मिळाला त्याची नोंद कशी ठेवावी, हे मुलगा तिथे शिकला. हा मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे आत्मचरित्राला नाव द्यायची वेळ आली, तेव्हाही त्यांना ती चिमणीच आठवली.

या गोष्टीची दुसरी बाजू मला अधिक मोलाची वाटते. मिलर्ड भेटण्याच्या आधीच या मुलाने वहीत एक नोंद केली होती. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणीचे घरटे होते. मादी आत अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर पहारा देत बसलेला. मुलाने नर मारला, तर थोड्याच वेळात दुसरा नर त्या जागी हजर. तोही मारला, तर तिसरा! सात दिवसांत असे आठ नर त्याने टिपले. आज आपल्याला या प्रकाराने कसेसेच होते. पण निरीक्षण म्हणून पाहिले तर नोंद पक्की आहे: जागा, दिवस, संख्या, सारे काही आहे. त्या वेळी ‘हे असे का होत असेल?’ असे विचारणारा मात्र कोणी नव्हता. ती नोंद कित्येक दशके वहीतच राहिली.

पुढे १९२९च्या सुमारास सालिम अली बर्लिनला गेले आणि श्ट्रेझेमान या नामांकित पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. त्यांना ते आपले गुरू मानत. परत आले तो हाताला नोकरी नाही. १९३०चा पावसाळा त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला काढला. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पक्षी तसेच, पाहणाराही तोच. पण आता बंदुकीच्या जागी शिडी होती आणि मनात नेमके प्रश्न होते. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडले तर तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याला लागतो. म्हणजे एका नराच्या अनेक घरट्यांत अनेक बिऱ्हाडे. पिढ्यान् पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर चाललेला हा संसार त्यांना तेव्हा नीट उलगडला. तबेल्यातला मुलगा आणि किहीमचा संशोधक यांच्यामधले अंतर केवळ वयाचे नाही. मधल्या काळात त्याला विचारणारी माणसे भेटली होती.

कुंडीखालची ताटली

तर आपण नौपाड्यात परत येऊ. भाचीने डोळे पुसले आणि विचारले, “मग आता मी काय करू, सर?”

मला वाटले, सर आता एक चांगलासा विषय देतील. पण त्यांनी विषय दिला नाही. त्यांनी विचारले, “या सगळ्यात तुला स्वतःला नवल कशाचं वाटलं?”

भाचीने थोडा विचार केला. “आई दर शुक्रवारी कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी ओतून टाकते. पालिकेची माणसं तसं सांगून गेली होती म्हणून. तरी पुन्हा पाणी साचलं की दोन-तीन दिवसांत अळ्या दिसतातच. एवढ्यात त्या येतात कुठून?”

“हा तुझा प्रकल्प!” सर म्हणाले. कडुनिंब त्या दिवशी सुटला.

आता जे ठरले ते सरळ होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी पाण्यात घालत नाही; पाण्याच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला एकेक करून चिकटवतो. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी चढले की फुटतात. म्हणजे नुसते पाणी ओतून भागत नसावे; कडा घासायला हव्यात. पुस्तकात हे आहेच. पण आपल्या इमारतीतल्या मातीच्या ताटल्यांत ते खरे ठरते का, हे ताडून पाहायचे. शेजाऱ्यांकडून ज्यांत अळ्या झाल्या होत्या अशा नऊ ताटल्या गोळा करायच्या. तीन खसखसून घासायच्या, सहा नुसत्या ओतायच्या. सगळ्यांत आदल्या रात्री भरून ठेवलेले एकच पाणी घालायचे.

“आणि अळ्या दिसल्या, तर त्या जुन्या अंड्यांतून आल्या की नव्या डासाने येऊन अंडी घातली, हे कसं ओळखशील?” सरांनी विचारले.

भाची गप्प. दादा गप्प. मी तर गप्प होतेच. दोन-तीन मिनिटे गेली. सरांनी उत्तर दिले नाही. ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मग भाची एकदम म्हणाली, “जाळी बांधली तर? डास आत येणारच नाही!”

घासलेल्या तिन्ही ताटल्यांना जाळी, न घासलेल्या तिघींना जाळी आणि उरलेल्या तिघी उघड्या, असे तिनेच ठरवले. सरांनी एकच सक्त ताकीद दिली: अळीचा डास व्हायला आठवडा पुरतो, तेव्हा सहाव्या दिवशी सगळे पाणी उन्हात कोरड्या मातीवर ओतायचे. शास्त्रासाठी शेजाऱ्यांना डेंग्यू द्यायचा नाही!

दुसरा जाणकार भेटला तो पालिकेच्या मलेरिया विभागातला कर्मचारी. तो इमारतीत तपासणीला आला होता. भाचीने धीर करून त्याला थांबवले. त्याच्या हातात पांढरा डाव आणि बॅटरी. गच्चीवरच्या पिंपातले पाणी डावात घेऊन त्याने तिला दाखवले: ही अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते, ती मलेरियाच्या ॲनॉफिलिसची, जी शेपटीकडची नळी वर धरून तिरकी लोंबकळते, ती एडिसची किंवा क्युलेक्सची, आणि त्यातही नळी लांब असली तर क्युलेक्स, आखूड असली तर एडिस. आणि हा स्वल्पविरामासारखा वाकडा आहे तो कोष. हा काही खात नाही, दोन दिवसांत याचा डास होतो. भाचीच्या पहिल्या प्रयोगातल्या ‘मेलेल्या’ अळ्यांचे गूढ तिथे उकलले. जे मला व्याकरणाच्या खुणेपलीकडे कधी दिसले नव्हते, ते त्या माणसाने पाच मिनिटांत शिकवले. जाणकार म्हणजे नावापुढे पदव्यांची माळ असलेलाच माणूस, हा आपला समज किती तोकडा आहे!

प्रयोग झाला. न घासलेल्या, जाळी बांधलेल्या तिन्ही ताटल्यांत तिसऱ्या दिवसापर्यंत अळ्या दिसल्या. घासलेल्या तिघींपैकी दोन स्वच्छ. तिसरीत मात्र तीन अळ्या!

संध्याकाळी भाचीचा फोन आला. आवाज पडलेला. “आत्या, ती एक ताटली सोडून दिली तर चालेल का गं? बाकी सगळं बरोबर आलंय.”

मी म्हटले, “सरांना विचार.”

सर म्हणाले ते मी पाठ करून ठेवले आहे. “ती ताटलीच तुझ्या प्रामाणिकपणाची साक्ष आहे. घासताना एखादी खाच राहिली असेल, जाळीला फट असेल. नक्की माहीत नसेल, तर माहीत नाही असं लिही. पण ताटली वगळायची नाही.”

ठाणे-कल्याणचे कोळी

कोणाला वाटेल की हे सगळे शाळेपुरते. मोठ्या शास्त्रात बाहेरच्या माणसाची काय गरज? तर आपल्या अंगणातलेच उदाहरण घ्या. ठाणे-कल्याण भागातल्या झाडापानांवर उड्या मारून शिकार करणारे चिमुकले कोळी असतात. ते भक्ष्य पकडायला जाळे विणत नाहीत. दोन मोठ्या टपोऱ्या डोळ्यांनी नेम धरतात आणि झेप घेतात. २०२१ साली या परिसरातून अशा कोळ्यांच्या दोन नव्या जाती जगापुढे आल्या. त्यांतल्या एकीचे नाव इसियस तुकारामी. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री कसाबची बंदूक छातीशी धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते ठेवले आहे.

हा शोधनिबंध ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब आणि राजेश सानप यांनी मिळून लिहिला. कोणी या भागातले रान पायाखाली घातलेले, तर कोणी दूरच्या प्रांतात कोळ्यांच्या वर्गीकरणात मुरलेले. रानात फिरणाऱ्याला ‘हा वेगळा दिसतो’ एवढे कळते. पण वेगळा दिसणे आणि वेगळा असणे यांत फरक आहे. एकाच जातीचे नर, मादी आणि पिल्लू एकमेकांहून इतके निराळे दिसतात, की तीन जाती वाटाव्यात. प्रौढ कोळी सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन त्याच्या जननेंद्रियांची रचना तपासावी लागते आणि आधी नोंदलेल्या जातभाईंच्या वर्णनांशी ती ताडून पाहावी लागते. भाचीला विचारलेला ‘तुलना कशाशी?’ हाच प्रश्न इथे मोठ्या पगडीत उभा आहे.

ठाण्याच्या खाडीचेच पाहा. २०१५ साली तिथे रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य जाहीर झाले, २०२२ साली तिला रामसर स्थळाचा मान मिळाला. थंडीत शाळांची मुले तिथे पक्षी मोजायला जातात. एका रविवारी पुष्कळ दिसले, पुढच्या रविवारी थोडे. लगेच वहीत ‘प्रदूषणामुळे पक्षी घटले’ असे लिहून मोकळी! पक्ष्यांचा जाणकार फक्त एवढेच विचारतो: “त्या वेळी भरती होती की ओहोटी?” रोहित चरतात ते ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात. भरतीला ते दुसरीकडे जाऊन बसतात. भरती-ओहोटीची वेळ न लिहिता केलेली मोजणी म्हणजे तारखेविना लिहिलेले पत्र.

मदत कुठे थांबावी?

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एका प्रदर्शनात मी एक प्रकल्प पाहिला होता. गुळगुळीत छापील तक्ते, मोठमोठे शब्द, परदेशी उपकरणांची नावे. मुलाला मी साधे विचारले, “हे तू का केलंस?” त्याने पाठ केलेला परिच्छेद म्हटला आणि मध्ये अडखळल्यावर आईकडे पाहिले. तिथेही बाहेरच्या तज्ज्ञाचे मार्गदर्शन होते. इतके, की मुलाला करायला काही उरलेच नव्हते. बालवैज्ञानिक स्पर्धेच्या प्रकल्पांसाठी शिकवण्यांना जाणारी मुले आपल्या ठाणे-डोंबिवलीत थोडी नाहीत. मी कोणाला नावे ठेवत नाही. आईबापांची तळमळ मला कळते. पण उसन्या पंखांनी पाखरू उडत नाही.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचे एक खेडे आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या आठ ते दहा वर्षांच्या २५ मुलांनी भुंग्यांवर प्रयोग केले. रंगांची मांडणी पाहून भुंगे गोड पाणी कुठे मिळेल ते शिकतात का, हा त्यांचा प्रश्न. बो लोटो नावाचे शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. पण प्रश्न मुलांचे, खेळासारखे बेतलेले प्रयोग मुलांचे, आकृत्या त्यांनी रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आणि लेखही त्यांच्याच शब्दांत, गोष्टीसारखा सुरू होणारा. २०१० साली तो लेख लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात छापून आला आणि त्या विषयातल्या दोन जाणकारांनी त्यावर टिपण लिहिले. शास्त्रज्ञाने मुलांची भाषा सुधारली नाही. त्यांचा प्रयोग चोख होईल एवढे पाहिले. मी नेमके याच्या उलट करीत होते!

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. १९९३ सालापासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्याच गावातला प्रश्न घ्यावा, मार्गदर्शकाच्या सोबतीने त्याचा शोध घ्यावा आणि आपल्या भाषेत तो मांडावा, ही तिची कल्पना. ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने त्यासाठी महाराष्ट्रात पुष्कळ खस्ता खाल्ल्या आहेत.

विचारायचे कसे?

पुष्कळ पालक म्हणतात, “आमची ओळख नाही हो कोणाशी.” ओळख लागत नाही, चार ओळींचे पत्र लागते. जाणकार माणसे बहुधा कामात असतात, पण नेमका प्रश्न विचारणारे मूल पाहून विरघळतात. या प्रकरणातून मी जे शिकले, ते थोडक्यात सांगते.

पहिले, पत्र मुलाने लिहावे, बाबांनी नव्हे. ‘मला डासांविषयी माहिती द्या’ असे लिहू नये. त्याला उत्तर म्हणजे ग्रंथच लिहावा लागेल. ‘मी हे पाहिले, असे मोजले, इथे अडलो’ असे लिहावे.

दुसरे, काम सुरू होण्याआधी विचारावे. वही बांधून झाल्यावर मिळालेला सल्ला मनाला लागतो आणि हाताला उपयोगी पडत नाही. भाचीच्या हातात अजून पंधरवडा होता, म्हणून निभावले.

तिसरे, कच्ची वही दाखवावी. पाण्याचे डाग पडलेली, खाडाखोड असलेली. जाणकाराला चूक सापडते ती तिथे. सुंदर अक्षरातल्या वहीत ती लपून बसते.

चौथे, शाळेतल्या बाईंना आधी सांगावे. बाहेरच्याला विचारणे म्हणजे बाईंना कमी लेखणे नव्हे. एका वर्गातली पन्नास-साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षिकेला असा हात मिळाला तर हवाच असतो.

पाचवे, आणि सर्वांत अवघड: उत्तर मिळेपर्यंत आईबापांनी गप्प बसावे. मुलाला विचार करायला लागणारी ती दोन-तीन मिनिटे आपल्याला फार लांब वाटतात.

आणि विचारायचे कुणाला? ठाण्याच्या बांदोडकर आणि कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयात प्राणी आणि वनस्पतींची जाणकार माणसे आहेत. मानखुर्दला १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, चुनाभट्टीला १९६६ पासूनची मराठी विज्ञान परिषद आहे, आणि फोर्टात हॉर्नबिल हाउसमध्ये सालिम अलींची तीच जुनी सोसायटी. फुलपाखरांचे वेड असेल तर घोडबंदर रस्त्यावर राजेंद्र ओवळेकर यांनी फुलवलेली ओवळेकर वाडी पाहावी. फुलपाखरे येतात ती केवळ फुलांसाठी नव्हे. त्यांच्या अळ्यांना खायला नेमकी कोणती झाडे लागतात, हे आधी कळावे लागते, हा धडा तिथे झाडापानांवरच वाचायला मिळतो. आणि इमारतीत तपासणीला येणारा पालिकेचा माणूस तर आपल्या दारातच येतो. आपण त्याला दारातूनच परत पाठवतो.

भाचीच्या प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला नाही, दुसराही नाही. परीक्षकांनी त्या तिसऱ्या ताटलीविषयी विचारले, तेव्हा “कारण मला माहीत नाही, पण पुढच्या वेळी जास्त ताटल्या घेऊन पाहीन,” असे तिने सांगितले म्हणे. दादा थोडा खट्टू झाला. वहिनी मात्र नाही. बरण्या घरी परत आल्या होत्या.

परवा दिवाळीची खरेदी आटोपून मी डोंबिवलीला गेले, तेव्हा जिन्याखालच्या फळ्यावर सोसायटीची सूचना लावलेली दिसली. अक्षर भाचीचे. ‘कुंडीखालच्या ताटल्यांतले पाणी दर आठवड्याला ओतावे आणि ताटलीच्या कडा काथ्याने घासाव्यात. नुसते ओतून पुरत नाही. घासल्यानेही सगळ्या अळ्या जातातच असे नाही. नऊपैकी एका घासलेल्या ताटलीत आम्हाला तीन सापडल्या.’

सवयीने मी खिशातले पेन काढले. सूचना दोनदा वाचली. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नव्हती, आणि त्या ‘म्हणून’ आणि ‘नंतर’ची तर नव्हतीच. पेन परत ठेवले आणि जिना चढून वर गेले. गॅलरीतल्या बरण्यांत या खेपेला मुरंबा होता.